बासरीचा बोअर किती इंची?

हेडफोन असतील तर आज लावा, कारण मधे-मधे मी नळ्या वाजवून दाखवणार आहे. जे हा भाग वाचतायत त्यांच्यासाठी त्या जागा चौकटी कंसात लिहिल्या आहेत. तिथे आवाज मनात वाजवा, किंवा सरळ भाग लावून ऐका.

आपल्याकडे, म्हणजे सोमेश्वरनगर, करंजे, निंबूत, वाणेवाडी या पट्ट्यात, 'बोअर' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. मशीनची गाडी, उडणारा पांढरा चिखल आणि कट्ट्यावर बसून "पाणी लागलं का?" विचारणारी चार माणसं. त्यातला एक हमखास विचारतो, "बोअर किती इंची घेतला?" साडेचार का साडेसहा?

वाद्यांच्या दुनियेतही हा शब्द चालतो. शिट्टी, पावा, बासरी, सनई, कुठलंही फुंकायचं वाद्य घ्या. त्याच्या आतल्या पोकळीला बोअर म्हणतात. ती पोकळी किती रुंद आहे, हा तिथलाही मोठा प्रश्न. आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे: बासरीचा बोअर किती इंची, आणि त्याने आवाजाला नेमकं होतं काय?

हा विषय सुचला एका व्हॉइस मेसेजवरून. आपल्याच भागातली अकरावीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, तिने नको म्हटलंय. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मोठी बासरी मागवली. तीस इंचांच्या आसपासची, ज्यावर मोठे कलाकार राग वाजवतात तसली. तीन महिने झाले, खालचे स्वर धड लागत नाहीत, दोन ओळी वाजवल्या की चक्कर येते, बोटं छिद्रांवर पोचत नाहीत. आणि तिचा धाकटा भाऊ जत्रेतली छोटी बासरी घेऊन घरभर पीं पीं करत फिरतो, त्याची पहिल्या दिवसापासून वाजते. घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. आणि ती मला विचारते, "दादा, माझा श्वासच कमी आहे का? का माझ्यात सूरच नाही?"

हे वाक्य मला लागलं. कारण असं म्हणून वाद्य माळ्यावर टाकणारी मुलं मी बरीच बघितली आहेत. सूर नसेल तर नसेल, तो वेगळा विषय. पण कित्येकदा दोष नळीच्या मापाचा असतो आणि शिक्षा गळ्याला, फुफ्फुसाला आणि नशिबाला होते. म्हणून आज माप समजून घेऊ. गणित थोडं आहे, घाबरू नका.

पहिली गोष्ट. स्वर कोण ठरवतं? लांबी.

नळीत फुंकलं की आतली हवा पुढे-मागे हलते, स्प्रिंगसारखी. नळी लांब असली की त्या हलण्याला वेळ जास्त लागतो, स्वर खाली जातो. आखूड असली की स्वर वर. आपल्या हवेत, पंचवीस अंश तापमानाला, आवाज सेकंदाला सुमारे 346 मीटर धावतो. दोन्ही बाजूंनी उघडी 30 सेंटिमीटरची नळी घेतली तर तिचा स्वर साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास येतो. लांबी दुप्पट करा, स्वर निम्म्यावर येतो, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली.

आता रुंदी बदलू. हार्डवेअरच्या दुकानात नळ फिटिंगचा फिक्कट पिवळसर सीपीव्हीसी पाइप मिळतो. अर्धा इंची घेतला तर आतली पोकळी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असते, एक इंची घेतला तर तेवीसच्या आसपास. म्हणजे पोकळी जवळजवळ दुप्पट झाली. दोन्ही 30 सेंटिमीटर कापले. स्वर किती बदलेल? हिशोब केला तर अरुंद नळी 562 हर्ट्झ देते आणि रुंद नळी 550. फरक बारा हर्ट्झचा. पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं जे अंतर असतं, एक पांढरी आणि लगेचची काळी, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

हा एवढा तरी फरक का? कारण हवेचा तो हलणारा खांब नळीच्या तोंडाशी कापल्यासारखा संपत नाही, थोडा बाहेर डोकावतो. किती डोकावतो? उघड्या टोकाला त्रिज्येच्या 0.6 पट. नळी रुंद, तर डोकावणं जास्त. हवेच्या दृष्टीने नळी किंचित लांब झाली आणि स्वर किंचित उतरला. बस, एवढंच.

हे घरी करून बघा. उसाला पोकळी नसते, तो रसाने भरलेला, त्यामुळे उसाची बासरी होत नाही. पण त्याच उसाच्या फडात ठिबकच्या नळ्या असतात, 12, 16 आणि 20 मिलिमीटरच्या. दुकानातून नव्या, बिनछिद्राच्या साध्या लॅटरलचे दोन तुकडे आणा, एक बाराचा, एक विसाचा. नवेच आणा, हे महत्त्वाचं. शेतातल्या वापरलेल्या नळीतून खतं गेलेली असतात, नळी साफ करायला ॲसिड सोडलेलं असतं, ती तोंडाला लावायची नाही. दोन्ही तुकडे 15 सेंटिमीटर कापा. खालचं टोक बोटाने घट्ट बंद करा आणि वरच्या कडेवरून तिरकं फुंका, लहानपणी पेनाच्या टोपणात फुंकायचो तसं.

[इथे बारा मिलिमीटरची नळी वाजते, मग वीसची]

ऐकलंत? स्वर जवळपास तोच. मोबाइलवर ट्यूनर ॲप लावून बघा, काटा जवळजवळ एकाच जागी राहतो. पण आवाज तोच आहे का? नाही. बाराची नळी बारीक, टोकदार वाजते. वीसची भरून वाजते. आणि आता जरा जोरात फुंकतो.

[बाराची नळी जोरात, स्वर उडी मारून वर जातो]

बाराच्या नळीने टुणकन उडी मारली. बूड बंद असलं की ही उडी थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते. दोन्ही टोकं उघडी असती, बासरीसारखी, तर उडी वरच्या सा वर गेली असती.

[वीसची नळी तेवढ्याच जोरात, स्वर जागेवर]

वीसची हटायला तयार नाही. तिला उडवायला बराच जोर लागतो, आणि त्यातही अर्धी हवा नुसती फस्स करून जाते.

तर आजच्या भागातलं मुख्य वाक्य हे: स्वर लांबी ठरवते, आणि नळीचा स्वभाव पोकळी ठरवते. कुठलं सप्तक तिला सोपं जाणार, आवाज धारदार का भरदार, आणि तुमच्याकडून ती श्वास किती मागणार, हे तीन प्रश्न पोकळीचे.

याचं कारण काय? एकेक बघू.

हवा नळीच्या भिंतीला घासते. कॅनॉलच्या पाण्यासारखं समजा. रुंद कॅनॉलमध्ये मधलं पाणी मोकळं पळतं, काठाला लागून असलेलं रेंगाळतं. अरुंद पाटात जवळजवळ सगळंच पाणी काठाला लागून असतं. तसं अरुंद नळीत आवाजाची ताकद भिंतीशी घासण्यात जास्त खर्च होते, म्हणून आवाज लहान. अगदीच टोक गाठायचं तर सलाइनच्या नळीत फुंकून बघा. स्वर येतच नाही.

मग रुंदच चांगली की! तसंही नाही. कुठलाही स्वर एकटा येत नाही, त्याच्यासोबत वरचे बारीक स्वर येतात, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे. सनईचा आवाज आणि बासरीचा आवाज वेगळा ओळखू येतो तो या सोबत्यांमुळेच. अरुंद नळीत हे सोबती आपापल्या जागी बरोबर बसतात, नळी त्यांनाही साथ देते, म्हणून आवाज चमकदार आणि धारेचा. रुंद नळीत मघाचं ते तोंडाशी डोकावणं प्रत्येक सोबत्यासाठी थोडं वेगळं होतं. मग वरचे सोबती जागेवरून सरकतात, नळी त्यांना हवी तशी साथ देत नाही, आणि उरतो तो मुख्यतः खालचा, मूळ स्वर. म्हणून रुंद नळी गोल, मऊ, घुमणारी वाटते. आणि म्हणूनच तिच्यावर वरचं सप्तक काढायला कष्ट पडतात. निघालं तरी ते जरा उतरलेलं लागतं.

तिसरा प्रश्न श्वासाचा. रुंद नळीत हलवायची हवाच जास्त आहे, म्हणून फुंकीचं छिद्रही मोठं ठेवावं लागतं आणि फुंकही जास्त लागते. साखर कारखान्याचा वाफेवरचा भोंगा आठवा. त्याचा स्वर वरच्या घुमटाच्या उंचीवर ठरतो. पण तो गावोगाव ऐकू जावा म्हणून घुमट रुंद ठेवतात, आणि त्या रुंदीला वाफही भरपूर लागते. आपल्यापाठी बॉयलर नसतो, आपल्याला दोन फुफ्फुसांत भागवायचं असतं.

आता यात लांबी परत आणा, कारण खरा खेळ लांबी आणि रुंदीच्या जोडीचा आहे. 12 मिलिमीटर पोकळी 30 सेंटिमीटर लांबीला छान वाजते. तीच पोकळी ठेवून नळी 60 सेंटिमीटर केली तर? खालचा स्वर निघेल, पण इतका नाजूक की फुंक जराशी वाढली तरी फुटून वर पळेल. उलट 23 मिलिमीटरची पोकळी घेऊन नळी 30 सेंटिमीटरच ठेवली, तर खालचे स्वर दणकट आणि वरचे रुसलेले.

मग लांबी दुप्पट केली तर रुंदीही दुप्पट करायची का? इथे एक गंमत आहे. युरोपातल्या चर्चमध्ये मोठे पाइप ऑर्गन असतात. शेकडो, कधी हजारो नळ्या, प्रत्येक नळी एक स्वर. ते बनवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता, की खालपासून वरपर्यंत सगळ्या नळ्यांचा आवाज एका घरातला वाटला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात योहान गॉटलोब ट्योप्फर या जर्मन माणसाने त्याचं गणित मांडलं, आणि ते अजून प्रमाण मानतात. लांबी दुप्पट झाली की व्यास दुप्पट नाही करायचा, सुमारे 1.68 पट करायचा. म्हणजे पावणेदोनाला थोडा कमी.

हे गणित शिट्टीला लावून बघू. आयर्लंडच्या संगीतात पत्र्याची साधी सहा छिद्रांची शिट्टी असते, टिन व्हिसल. आपल्या पाव्यासारखीच उभी धरून टोकात फुंकायची. तिच्या डी सुरातल्या नेहमीच्या मापाची लांबी 30 सेंटिमीटरच्या आसपास आणि पोकळी 12 मिलिमीटरच्या आसपास. तिची मोठी बहीण लो व्हिसल, बरोबर एक सप्तक खालची, लांबी साधारण दुप्पट. 12 गुणिले 1.68 म्हणजे वीस. प्रत्यक्षात बहुतेक कारागीर 22 च्या आसपास ठेवतात. चोवीस नाही. गणित आणि कान एकमेकांच्या किती जवळ येतात बघा.

त्या लो व्हिसलचा जन्मही आपल्याशी जोडलेला आहे. फिनबार फ्युरी नावाचे आयरिश वादक एक भारतीय बांबूची बासरी जिवापाड जपायचे. दौऱ्यावर असताना तिची वाट लागली. बर्नार्ड ओव्हर्टन या इंग्रज कारागिराने तिच्या जागी दुसरी करून द्यायचं ठरवलं, आणि पुन्हा फुटायला नको म्हणून धातूच्या नळीची केली. साल 1971. आज जगभर सिनेमांच्या संगीतात जो तो धुक्यातला, खोल शिट्टीचा आवाज येतो, तो या वाद्याचा. त्याच्या मुळाशी आपल्याकडचा एक रुंद पोकळीचा बांबू आहे.

आता एका मिलिमीटरची गोष्ट. पाश्चात्त्य वाद्यवृंदात चंदेरी, चाव्यांची बासरी असते ना, तिचं आजचं रूप म्युनिकच्या थेओबाल्ड बोम यांनी 1847 मध्ये ठरवलं. हा माणूस सोनारकामही शिकलेला आणि वादकही. त्यांनी वेगवेगळ्या नळ्या करून तपासल्या. 20 मिलिमीटरच्या पोकळीत खालची दोन सप्तकं त्यांना जास्त भरदार लागली, पण तिसऱ्या सप्तकाचे अगदी वरचे स्वर अडायला लागले. शेवटी त्यांनी 19 मिलिमीटर घेतली. वरचे स्वर मोकळे व्हावेत म्हणून खालचा थोडा भरदारपणा सोडला. आजही त्या बासरीची पोकळी 19 मिलिमीटरच आहे. पावणेदोनशे वर्षं झाली, त्या एका मिलिमीटरवर जग चाललंय. यातून काय घ्यायचं? सगळ्यात चांगलं माप असं काही नसतं. आपल्याला काय वाजवायचंय ते आधी ठरवायचं, मग माप. आणि एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडायला लागतं.

आपल्याकडे नेमकं उलट्या दिशेने घडलं. बासरी आधी लोकसंगीतातली. गुराख्याच्या, मेंढपाळाच्या हातातली लहान बासरी किंवा पावा, माळावर दूरवर ऐकू जाणारा. बारामती-इंदापूरच्या माळांना हा आवाज नवा नाही. मोकळ्या रानात वाजवायचं तर वरचे, धारदार स्वरच कामाचे, ते वाऱ्यातून पार जातात. तिथे आखूड आणि अरुंद नळी हीच योग्य नळी. पण ख्याल गायचा तर मंद्र सप्तक पाहिजे, खालच्या षड्जावर ठाण मांडून बसता आलं पाहिजे. पन्नालाल घोष, जन्म 1911, बारिसालचे, नंतर मुंबईत सिनेसंगीतात काम केलेले. त्यांनी लांब, रुंद पोकळीची, 32 इंचांच्या घरातली बासरी घडवली आणि रागसंगीताच्या मैफलीत नेऊन बसवली. 1960 मध्ये ते गेले, पण आज आपण मैफलीची बासरी म्हणतो ती या वळणाची आहे. त्यांनी वरची चपळाई थोडी सोडली आणि खालचा भारदस्तपणा घेतला. त्यांना जे वाजवायचं होतं त्यासाठी तो सौदा बरोबर होता.

आता त्या मुलीचा प्रश्न घेऊ. तिच्याकडे पांढरी तीनची मोठी बासरी आहे. अशा बासरीची पोकळी दोन ते अडीच सेंटिमीटरच्या मधे असते. ती खालच्या स्वरांसाठीच केलेली आहे, पण ते खालचे स्वर फुकट देत नाही. तिला रुंद, संथ, सावकाश फुंक लागते. नवशिका माणूस स्वर लागला नाही की काय करतो? जोर लावतो. जोर लावला की हवेची धार वेगाने जाते, आणि वेगाची धार वरच्या स्वरासाठी असते, खालच्या नाही. म्हणून खालचा अजूनच लागत नाही, श्वास मात्र संपतो, आणि भराभर श्वास सोडल्यामुळे चक्कर येते. बोटांचंही तेच. लांबी जास्त, तर छिद्रांमधलं अंतर जास्त. रुंद नळीला छिद्रंही मोठी लागतात. लहान हाताला ती पूर्ण झाकत नाहीत. एका छिद्रातून केसाएवढी फट राहिली तरी खालचा स्वर मेला.

आणि भावाची बासरी? आखूड, अरुंद. जरा फुंकलं की वाजते, आणि वाजते ती वरच्या स्वरात. त्याला खालचे स्वर येतच नाहीत, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती पीं पीं करतेय. तो वरचढ नाही आणि ही कमी नाही. दोघांच्या हातात दोन वेगळ्या स्वभावाच्या नळ्या आहेत.

ताई, तुला सांगतो. तुझा श्वास ठीक आहे. मोठी बासरी विकू नकोस, फडक्यात गुंडाळून ठेव, वर्षभराने लागेल. आत्ता मधल्या मापाची घे. पांढरी एकची, अठरा ते वीस इंची, पोकळी पंधरा-सोळा मिलिमीटरच्या आसपास. हिच्यावर खालचे स्वर मिळतात, वरचेही मिळतात आणि बोटं पोचतात. ऑनलाइन मागवताना फोटो बघू नकोस, वर्णनात लांबी आणि आतला व्यास दोन्ही दिलेत का ते बघ. नुसती लांबी दिली असेल तर विचार. आणि घरच्यांना हा भाग ऐकव. पैसे पाण्यात गेले नाहीत, फक्त दोन वर्षं आधी खर्च झाले.

बाकीच्यांसाठी. श्रावणात सोमवारी करंज्याच्या सोमेश्वर मंदिरात गर्दी असते, जत्रेत बासरीवाले खांद्यावर बासऱ्यांचं झाड घेऊन फिरतात. बासरी घ्यायची असेल तर या चार गोष्टी बघा.

एक, बासरी उजेडाकडे धरून उघड्या टोकातून आत बघा. पोकळी गोल आहे का, आत पेर नीट साफ केलंय का, की मधेच गाठीचा काठ राहिलाय? बांबू हा झाडाचा अवयव आहे, पाइप नाही. आत एका जागी गाठ राहिली तर तेवढ्याच एखाद्या स्वराची वाट लागते. बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो, म्हणून तो बहुतेक आसामकडून येतो. आपल्याकडचा मानवेल जवळजवळ भरीव असतो. काठीला, मांडवाला झकास, बासरीला नाही.

दोन, लांबी आणि पोकळीची जोडी बघा. खिशात छोटी पट्टी ठेवा. फुटभर बासरीला बारा-तेरा मिलिमीटर, दीड फुटीला पंधरा-सोळा, अडीच फुटीला बावीस-तेवीस. एखाद-दुसरा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो. पण दोन फुटी बासरी आणि पोकळी बाराची असेल, तर ती शोभेची वस्तू आहे.

तीन, हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळी छिद्रं झाका, हळूच फुंका, ट्यूनर ॲपमध्ये कुठला स्वर दिसतो ते बघा. मग बोटं तशीच ठेवून धार बारीक करा आणि जोर वाढवा. स्वर एक सप्तक वर जाईल. ॲपमध्ये तेच अक्षर दिसलं आणि काटा मधोमध राहिला, तर नळीची जोडी जमली. वरचा स्वर बराच उतरलेला दिसला, तर एक तर पोकळी लांबीच्या मानाने रुंद आहे, नाहीतर बूच चुकीच्या जागी आहे.

चार, ते बूच. आडव्या बासरीत फुंकीच्या छिद्रापलीकडे आतून बूच बसवलेलं असतं. छिद्राच्या मध्यापासून ते साधारण पोकळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर असावं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे सोळाची पोकळी, तर सोळा मिलिमीटर. काडीवर खूण करून आत घालून मोजता येतं. बूच सरकलं असेल तर वरची आणि खालची सप्तकं एकमेकांशी भांडतात. चांगली बातमी अशी, की हे घरी दुरुस्त होतं. पोकळी चुकली असेल तर मात्र इलाज नाही.

आणि ज्यांना खर्च न करता शिकायचंय त्यांनी पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा एक उरलेला तुकडा घ्या. त्याची पोकळी अठरा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे मधली आणि मोठी यांच्या मधलं माप, पावणेदोन फुटाला छान बसतं. प्लास्टिक आहे म्हणून नाक मुरडू नका. नळी जाड आणि घट्ट असेल तर ती बांबूची की पाइपची यापेक्षा आतल्या हवेचं माप आणि फुंकीच्या छिद्राची कड यांनी आवाजात जास्त फरक पडतो. छिद्रं पाडताना मात्र लहानापासून सुरुवात करा. छिद्र वाढवता येतं, कमी करता येत नाही. भोक मोठं केलं की स्वर चढतो. हळूहळू कानसने वाढवत, दर वेळी वाजवून बघत जा. आणि प्लास्टिकचा भुसा फुंकून साफ करताना नाका-तोंडात जाणार नाही असं बघा.

पुढच्या भागात सनई घेऊ. तिथे पोकळी सरळ नसते, कर्ण्यासारखी रुंदावत जाते, आणि त्या उताराने सगळा हिशोबच बदलतो. तोवर ठिबकच्या दोन नळ्यांचा प्रयोग करा आणि रेकॉर्डिंग मला व्हॉइस मेसेजवर पाठवा. नळीची लांबी आणि आतला व्यास सांगायला विसरू नका. चांगली रेकॉर्डिंग पुढच्या भागात लावू.

भेटू मग. नमस्कार.